रेबीजची जुनी लस आणि लुळे पडलेले पाय : एका दुर्मिळ दुष्परिणामाचा इतिहास

१. प्रास्ताविक

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात गुणवत्ता नियंत्रण आणि विश्वासार्हता हे विषय शिकवतो. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नाही. तरीही हे टिपण लिहिण्याचे कारण वसतिगृहात घडलेला एक प्रसंग आहे.

दोन वर्षांपूर्वी मी वसतिगृहाचा रेक्टर होतो. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाला फाटकाबाहेर भटक्या कुत्र्याने पोटरीला चावा घेतला. पहिले इंजेक्शन त्याने घेतले. तिसऱ्या दिवसाचे घ्यायला मात्र तो गेलाच नाही. बोलावून विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "सर, माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाला कुत्रा चावला होता. सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शने दिली. कुत्र्याने काही झालं नाही, पण इंजेक्शनांनी दोन्ही पाय गेले. आजी फोनवर रडतेय, घेऊ नको म्हणतेय."

मी त्याला बराच सुनावला. शिकलेल्या मुलाने अशा गावगप्पांवर विश्वास ठेवावा याचा मला राग आला होता. मुलगा गप्प बसला, पण दवाखान्यात गेला नाही. त्या रात्री मी याविषयी वाचायला बसलो आणि लक्षात आले की चूक माझी होती. आजीने सांगितलेली गोष्ट अगदी खरी असू शकत होती. भारतात जवळजवळ शंभर वर्षे वापरलेल्या रेबीजच्या लसीमुळे काही माणसांचे हातपाय खरोखर लुळे पडले होते, काही दगावलीही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला तसे सांगितले आणि पुढे हेही सांगितले की ती लस आता देशात मिळतच नाही. आज दवाखान्यात मिळते ती पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. तेव्हा तो माझ्याबरोबर आला आणि त्याने उरलेली सगळी इंजेक्शने घेतली.

दुष्परिणामाचा इतिहास लपवला तर भीती जात नाही, ती फक्त घरात कुजबुजत राहते. म्हणून तो इतिहास इथे सलग मांडत आहे.

२. पॅरिस, १८८५ : मज्जारज्जूपासून लस

रेबीजचा विषाणू मज्जासंस्थेत वाढतो. चाव्याच्या जागेपासून तो नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे, कधी काही महिने लागतात. लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र हा प्रवास सावकाश असल्यामुळेच चावा झाल्यानंतर लस देऊनही माणूस वाचवता येतो. बहुतेक लसी रोगाच्या आधी द्याव्या लागतात. रेबीजची लस या बाबतीत निराळी आहे.

लुई पाश्चर यांच्या काळात विषाणू दिसत नव्हता आणि काचेच्या भांड्यात वाढवताही येत नव्हता. तो वाढवायचा तर जिवंत प्राण्याच्या मेंदूत किंवा मज्जारज्जूतच. पाश्चर यांनी रेबीज झालेल्या सशांचे मज्जारज्जू कोरड्या हवेत टांगून ठेवले. जितके दिवस वाळवावे तितकी त्यांतली रोगकारक शक्ती कमी होते, असे त्यांना आढळले. ६ जुलै १८८५ रोजी अल्सास प्रांतातून आणलेल्या ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलाला पहिले इंजेक्शन देण्यात आले. आधी जास्त वाळलेला, मग दिवसागणिक ताजा होत जाणारा मज्जारज्जू, अशी १३ इंजेक्शने झाली. मुलगा वाचला. जगभरातून चावा झालेली माणसे पॅरिसला जाऊ लागली आणि १८८८ मध्ये तिथे पाश्चर संस्था उभी राहिली.

या लसीत रेबीजचा विषाणू होता आणि त्याबरोबर सशाच्या मज्जासंस्थेचा भागही होता. सगळ्यांचे लक्ष विषाणूवर होते. सोबतच्या मज्जेकडे लोक केवळ वाहक पदार्थ म्हणून पाहत होते.

३. कसौली, १९११ : सेंपल यांची लस

भारतात पाश्चर संस्था सुरू होण्यापूर्वी चावा झालेल्या गोऱ्या सैनिकांना थेट पॅरिसला पाठवण्याची वेळ येई. १९०० साली आजच्या हिमाचल प्रदेशातील कसौली येथे भारतातील पहिली पाश्चर संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक डेव्हिड सेंपल. पुढे १९०७ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे दक्षिण भारतासाठी दुसरी संस्था निघाली.

जिवंत विषाणूच्या लसीची अडचण उघड होती. विषाणू पुरेसा दुबळा झाला नसेल तर लसच रोग देईल, ही धास्ती कायम असे. शिवाय अशी लस फार काळ टिकत नाही. म्हणजे रोग्यालाच प्रवास करून संस्थेपर्यंत यावे लागे. सेंपल यांनी उपाय काढला. विषाणूने भरलेला मेंदू वाटून त्याचे द्रावण करायचे आणि त्यात कार्बोलिक आम्ल, म्हणजे फिनॉल, घालून उबेत ठेवून विषाणू मारून टाकायचा. १९११ मध्ये त्यांनी ही कृती प्रसिद्ध केली. त्या निबंधाच्या शीर्षकातच लसीला 'सुरक्षित आणि परिणामकारक' म्हटले आहे. पुढे सशाऐवजी मेंढीचा मेंदू वापरण्याची रीत रुळली. मेंढीचा मेंदू मोठा, मेंढ्या सगळीकडे मिळणाऱ्या, आणि कृतीला फार महागडी यंत्रसामग्री लागत नसे.

या लसीचे ऋण मान्य केले पाहिजे. मेलेल्या विषाणूची लस बाटलीत भरून जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत पाठवता येऊ लागली. कसौलीपर्यंतचा रेल्वेचा आणि घाटाचा प्रवास ज्यांना कधीच परवडला नसता, अशा शेतकऱ्यांना आणि मजुरांना उपचार मिळाला. मुंबईच्या हाफकिन संस्थेसह देशातील अनेक संस्था ती बनवू लागल्या. तिने असंख्य माणसे वाचवली यात शंका नाही.

पण सेंपल यांच्या 'सुरक्षित' या शब्दाचा अर्थ 'विषाणू मेलेला आहे' एवढाच होता. एक धोका त्यांनी दूर केला. दुसरा धोका मेंदूच्या द्रावणातच होता आणि तो तसाच राहिला.

मात्रेचा अंदाज घेऊ. भारतात नंतर रूढ झालेल्या लसीत ५ टक्के मेंढीचा मेंदू असे. मोठ्या माणसाला गंभीर चाव्यासाठी ५ मिलीलिटरची १४ इंजेक्शने दिली असे धरले तर प्रत्येक वेळी पाव ग्रॅम आणि एकूण साडेतीन ग्रॅम मेंदू शरीरात जातो. इतके द्रावण दंडात मावणे कठीण, म्हणून सैल कातडीची मोठी जागा, म्हणजे पोट, निवडले गेले. बेंबीभोवती रोज एक इंजेक्शन, ही आपल्या आईवडिलांच्या पिढीची आठवण इथून आली.

४. लस लागली की रोग उलटला?

पाश्चर उपचार सुरू झाल्यापासून थोड्याच काळात एक विचित्र गोष्ट नोंदली जाऊ लागली. काही रोग्यांना इंजेक्शने चालू असताना किंवा संपल्यावर काही दिवसांतच ताप, डोकेदुखी, पाठदुखी होई. मग पायांत मुंग्या, अशक्तपणा, लघवी अडणे, आणि पाय लुळे पडणे. कधी हा लुळेपणा पायांतून वर हातांपर्यंत आणि चेहऱ्यापर्यंत चढे. कधी भान हरपे. काही रोगी मरत, काही काही आठवड्यांत बरे होत, काही जन्मभर अपंग राहत.

डॉक्टरांपुढे प्रश्न होता की हा रेबीज की लसीचा परिणाम? प्रश्न सोपा नव्हता, कारण रेबीजचाही एक प्रकार असा आहे की त्यात पाण्याची भीती, आरडाओरडा नसतो. रोगी गुपचूप लुळा पडत जातो. असा रोगी लस घेतल्यावर मेला तर 'उपचाराला उशीर झाला, रेबीजने मेला' असे म्हणणे सगळ्यांच्याच सोयीचे होते.

हळूहळू तीन खुणा पुढे आल्या. पहिली, रेबीज झालेला रोगी बरा होत नाही. इथे तर अनेक जण बरे होत होते. दुसरी, ज्यांना चावलेला कुत्रा नंतर धडधाकट राहिला, त्यांनाही हा त्रास होत होता. तिसरी खूण सूक्ष्मदर्शकाची. १९०३ मध्ये इटलीतील अदेल्की नेग्री यांनी रेबीजच्या मेंदूपेशींत दिसणारे विशिष्ट ठिपके वर्णन केले. लसीनंतर लुळे पडून मेलेल्यांच्या मेंदूत ते ठिपके मिळत नसत. तिथे नसांवरचे आवरण झिजून गेलेले दिसे.

यातली दुसरी खूण सर्वांत दुःखदायक आहे. त्या माणसांना लसीची मुळी गरजच नव्हती.

५. मोजदाद : मॅकेंड्रिक यांचे काम

एका दवाखान्यात बसून असा दुष्परिणाम मोजता येत नाही. आमच्या विषयात एक साधा ठोकताळा आहे, त्याला 'तीनचा नियम' म्हणतात. एखादी वस्तू 'न' वेळा वापरली आणि एकदाही बिघाड झाला नाही, तरी बिघाडाचा खरा दर ३ भागिले 'न' इतका असू शकतो (९५ टक्के खात्रीने बोलायचे तर). म्हणजे एखाद्या डॉक्टरने ३,००० जणांना लस दिली आणि कोणीही लुळे पडले नाही, तरी हजारात एक हा धोका त्याला नाकारता येत नाही. 'माझ्या उभ्या हयातीत एकही रोगी पाहिला नाही' हे वाक्य प्रामाणिक असूनही पुरावा ठरत नाही.

शिवाय भारतात रोगी चौदा दिवसांनी घरी जात असे. पाय गेले तर ते गावी जात. वैद्य वेगळा, नोंदवही वेगळी. दवाखान्याच्या पुस्तकात तो 'उपचार पूर्ण' असाच राही.

१९२७ मध्ये राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाने पॅरिसला रेबीजविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. त्यानंतर जगभरच्या पाश्चर संस्थांचे अहवाल एकाच नमुन्यात गोळा होऊ लागले : किती जणांवर उपचार, कोणती लस, किती मृत्यू, किती जण लुळे पडले. या अहवालांचे विश्लेषण अँडरसन मॅकेंड्रिक यांनी वर्षानुवर्षे केले. हे नाव गणिताच्या विद्यार्थ्यांनी ऐकले असेल. साथीच्या रोगाचे जे केरमॅक–मॅकेंड्रिक प्रारूप कोविडच्या काळात वर्तमानपत्रांतही आले, त्यातले हे मॅकेंड्रिक. ते प्रारूपही १९२७ चेच. एडिंबराला जाण्यापूर्वी ते कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालक होते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

या मोजणीने दोन गोष्टी पक्क्या केल्या. लुळेपणाचा दुष्परिणाम खरा आहे आणि तो लसीच्या प्रकारानुसार व ठिकाणानुसार बदलतो. मेंदूपासून केलेल्या लसींबाबत पुढे वेगवेगळ्या देशांतून जे दर प्रसिद्ध झाले, ते काही शेकड्यांत एक येथपासून काही हजारांत एक येथपर्यंत पसरलेले आहेत.

६. कारण सापडले, १९३३–१९३५

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ प्रश्न विचारला. लसीतून रेबीजचा विषाणू पूर्ण वगळला आणि नुसता निरोगी मेंदू टोचला तर काय होते? त्यांनी माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचे द्रावण पुन्हापुन्हा टोचले. काही माकडे लुळी पडली. त्यांच्या मेंदूत नसांवरचे आवरण नष्ट झालेले होते. लसीनंतर मेलेल्या माणसांत दिसे तसेच. १९३३ आणि १९३५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू निर्दोष ठरला. दोष वाहक पदार्थाचा होता.

हे आवरण म्हणजे मायलिन. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण असते तसे मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टण असते. ते गेले की संदेश वाटेतच अडतात. मेंढीचे मायलिन आणि माणसाचे मायलिन यांतील प्रथिने बरीच सारखी आहेत. मेंढीचे मायलिन वारंवार टोचले गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला परके समजून त्याविरुद्ध सज्ज होते, आणि मग तीच सज्जता स्वतःच्या मेंदूवर व मज्जारज्जूवर उलटते. ही सज्जता व्हायला एकदोन आठवडे लागतात. लुळेपणा इंजेक्शनांच्या मालिकेच्या शेवटाकडे का येई, याचा उलगडा इथे होतो. थायलंडमधील रोग्यांवर झालेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मायलिन प्रथिनाविरुद्धची प्रतिक्रिया थेट माणसांत दाखवली गेली.

या प्रयोगातून एक अनपेक्षित लाभही झाला. प्राण्यांत मुद्दाम घडवून आणलेला हा आजार मल्टिपल स्क्लेरोसिस या माणसांच्या आजाराच्या अभ्यासाचे मुख्य साधन बनला. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत याच साधनावर काम करताना ग्लॅटिरॅमर हे औषध सापडले. त्याला १९९६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

७. दोष उत्पादनातला की रचनेतला?

आमच्या विषयात बिघाडाचे दोन प्रकार करतात. एक, रचना ठीक असते पण एखादा नग बनवताना किंवा वापरताना चूक होते. दुसरा, नग अगदी नियमाप्रमाणे बनतो, पण रचनेतच दोष असतो.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण भारतीय लसीकरणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी हाफकिन यांची प्लेगची लस १०७ जणांना टोचली. एकाच बाटलीतून लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. मुंबईच्या प्रयोगशाळेतील त्यांचे पद गेले. गावात बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही बाब पुढे निर्णायक ठरली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. इथे लसीची रचना दोषी नव्हती. स्वच्छतेची पद्धत सुधारली की पुढची बाटली सुरक्षित होत होती.

सेंपल लसीचे तसे नव्हते. कितीही स्वच्छ, कितीही काटेकोर बनवली तरी तिच्यात मेंढीचा मेंदू असणारच होता. मेलेला रोगी म्हणजे वाईट बाटलीचा परिणाम नव्हता; चांगली बाटलीही तेच करू शकत होती. अशा वेळी तपासणी वाढवून उपयोग होत नाही, रचना बदलावी लागते.

८. पर्याय आले, पण उशिरा पोहोचले

रचना बदलण्याचा पहिला प्रयत्न चिलीत झाला. नवजात उंदरांच्या मेंदूत मायलिन फार थोडे असते, म्हणून फुएन्सालिदा आणि पालासिओस यांनी १९५५ मध्ये त्या मेंदूपासून लस केली. ती लॅटिन अमेरिकेत बराच काळ चालली. तिच्यामुळेही क्वचित लुळेपणा आलाच. अमेरिकेत बदकाच्या अंड्यातील गर्भापासून केलेली लस वापरात आली.

खरा बदल पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याच्या तंत्राने झाला. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत कोप्रोव्स्की, विक्टर आणि प्लॉटकिन यांनी मानवी पेशींत विषाणू वाढवून लस तयार केली. मेंदूचा संबंधच संपला. इराणमध्ये पिसाळलेले लांडगे व कुत्रे चावलेल्या ४५ जणांना ती दिली गेली आणि सगळे वाचले. १९७६ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे कोंबडीच्या गर्भपेशी आणि व्हेरो पेशी वापरून तुलनेने स्वस्त लसी आल्या.

मग भारतात मेंढीच्या मेंदूची लस केव्हा थांबली? उत्पादन थांबले ते डिसेंबर २००४ मध्ये. रिव्हर्स यांच्या प्रयोगांनंतर सुमारे ७० वर्षांनी, इराणच्या अहवालानंतर २८ वर्षांनी.

याचे मुख्य कारण पैसा. पेशींपासूनची लस महाग होती. मेंढीची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळे. परिणामी देशात दोन रांगा तयार झाल्या. ऐपत असलेला माणूस खासगी डॉक्टरकडे दंडात पाच इंजेक्शने घेई. ऐपत नसलेला सरकारी दवाखान्यात पोटात चौदा घेई, आणि लुळेपणाचा धोकाही त्याच्याच वाट्याला येई. माझ्या विद्यार्थ्याच्या घरातली आठवण या दुसऱ्या रांगेतली होती.

कोंडी फुटायला एक साधी युक्ती कामी आली. बँकॉकमध्ये थाई रेडक्रॉसच्या संस्थेत असे दाखवले गेले की लस स्नायूत न देता कातडीच्या थरात, प्रत्येक जागी फक्त ०.१ मिलीलिटर दिली तरी पुरते. एका बाटलीत अनेक रोगी होऊ लागले. भारतात या पद्धतीला २००६ मध्ये परवानगी मिळाली.

९. तोलून पाहिले तर

तरी मग इतकी वर्षे ती लस द्यायलाच नको होती का? आकडे समजण्यापुरते धरू. पिसाळलेल्याच कुत्र्याने चावलेल्या १,००० माणसांपैकी लस न दिल्यास १५० मरतील असे समजा, आणि लसीने हजारात एक लुळा पडेल असे समजा. इथे लस घेणे उघडच शहाणपणाचे आहे.

आता चावलेला कुत्रा निरोगी होता असे धरू. लस न घेतल्यास मृत्यू शून्य. घेतल्यास हजारात एक लुळा. इथे लस नुकसान करते. अडचण अशी की चावा झाला त्या क्षणी रोगी यांपैकी कोणत्या गटात आहे ते कळत नाही. म्हणून चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस बांधून पाहण्याला त्या काळी फार महत्त्व होते. कुत्रा जिवंत राहिला तर इंजेक्शने मध्येच थांबवता येत. भटका कुत्रा पळून गेला की हा मार्गही बंद होई आणि माणूस चौदा इंजेक्शने पुरी करी. म्हणजे धोका मोजताना लसीबरोबरच ती कोणाला दिली जाते हेही पाहावे लागते.

१०. तुलनेसाठी : अमेरिका, १९७६

दुर्मिळ दुष्परिणाम लवकर पकडता येतो याचे उदाहरणही पाहू. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या भीतीने देशव्यापी लसीकरण झाले. १ ऑक्टोबरला सुरुवात झाली आणि सुमारे ४.५ कोटी लोकांना लस मिळाली. काही आठवड्यांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण दिसू लागले. या आजारातही प्रतिकारयंत्रणा नसांवर उलटते आणि लुळेपणा पायांतून वर चढतो. १६ डिसेंबरला मोहीम थांबवली गेली.

इथे 'योगायोग' किती हे मोजणे महत्त्वाचे होते. हा आजार लसीशिवायही दर वर्षी लाखात एक-दोघांना होतो. लाखात दीड धरला तर ४.५ कोटी लोकांत कोणत्याही सहा आठवड्यांत साधारण ७८ रुग्ण आपोआप निघतील. म्हणून 'लस घेतली आणि मग आजार झाला' एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. अपेक्षेपेक्षा जास्त निघाले का, हे पाहावे लागते. पुढील अभ्यासात लस घेतलेले ५३२ रुग्ण मोजले गेले आणि लसीमुळे आलेला वाढीव धोका लाखात सुमारे एक निघाला. एवढा बारीक धोका अडीच महिन्यांत पकडला गेला, कारण देशभर रुग्ण शोधून मोजण्याची यंत्रणा तयार होती.

हाच आजार संसर्गानेही होतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात त्याचे अनेक रुग्ण एकदम निघाले. तिथे संशय दूषित पाण्यावर होता आणि काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. लसीचा तिथे संबंध नव्हता. लुळेपणा दिसला की लसीकडे बोट दाखवणे आणि लसीकडे बोट दाखवणाऱ्याला अडाणी ठरवणे, या दोन्ही चुका मोजणीने टळतात. २०२१ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने ॲस्ट्राझेनेकाच्या कोविड लसीच्या माहितीपत्रकात गियाँ-बारे सिंड्रोम हा 'अतिदुर्मिळ' दुष्परिणाम म्हणून घातला. तोही अशा मोजणीतूनच.

११. आज काय करावे

२००३ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात रेबीजने वर्षाला सुमारे २०,००० मृत्यू होतात असा अंदाज निघाला होता. आजच्या लसीत मेंदूचा अंश नाही. तिच्यानंतर मज्जासंस्थेचा त्रास झाल्याच्या नोंदी अगदी तुरळक आहेत. जुन्या लसीच्या दराशी त्यांची बरोबरीच होत नाही.

कुत्रा, मांजर, माकड यांनी चावा घेतला किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. लस दंडात द्यायची असेल तर ती ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. वेळापत्रक अर्धवट सोडू नये.

आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने जुनी गोष्ट सांगितली तर हसू नये. ती कोणत्या सालची, इंजेक्शने कुठे आणि किती दिली, हे विचारावे. पोटात चौदा असतील तर ती मेंढीच्या मेंदूची लस होती. त्यांना तसे सांगावे, आणि नवी लस दंडात का देतात तेही सांगावे.

सारांश

१. रेबीजच्या पहिल्या लसी प्राण्यांच्या मज्जासंस्थेपासून केल्या गेल्या, कारण विषाणू वाढवण्याचे दुसरे साधन नव्हते.
२. सेंपल लसीतला विषाणू मेलेला होता, पण तिच्यातील मायलिनमुळे काही रोग्यांच्या मज्जासंस्थेला इजा झाली.
३. हा दोष उत्पादनातला नव्हता, रचनेतला होता. म्हणून लस बदलणे हाच उपाय होता.
४. कारण १९३० च्या दशकात कळले. भारतात उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. मधल्या काळातील धोका मुख्यतः गरीब रोग्यांनी सोसला.
५. दुर्मिळ दुष्परिणाम एकट्या डॉक्टरच्या अनुभवातून कळत नाही. त्यासाठी पद्धतशीर मोजणी लागते.

विचारासाठी प्रश्न

१. एका दवाखान्यात ६०० जणांना लस दिली आणि एकही दुष्परिणाम झाला नाही. तीनच्या नियमाने धोक्याची वरची मर्यादा काढा.
२. मुलकोवालची घटना आणि सेंपल लसीचे दुष्परिणाम यांत अभियंत्याच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
३. स्वस्त पण धोक्याची लस सर्वांना, की महाग पण सुरक्षित लस थोड्यांना? १९८० च्या दशकात तुम्ही आरोग्य खात्यात असता तर काय ठरवले असते? कारणे लिहा.
४. आपल्या घरातील किंवा शेजारच्या साठीपुढील व्यक्तीला कुत्रा चावल्याच्या उपचाराची आठवण विचारा. तिने सांगितलेले साल, जागा आणि इंजेक्शनांची संख्या लिहून ठेवा.